शेंगा सुटल्या, मग भाकरी का सुटली?

नमस्कार ताई,

मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. हाताखाली चार बायका आहेत. माझ्या दादाची मुलगी बारावी आणि नीटच्या क्लाससाठी जूनपासून माझ्याकडे आहे. वय सतरा. तिला शेंगांची ॲलर्जी आहे. दहा वर्षांची असताना मोहोळजवळ पाहुण्यांच्या रानात हुरड्याला गेलो होतो. तिथे चटणी खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते मी अजून विसरले नाही. दवाखान्यात इंजेक्शन दिलं म्हणून वाचली.

तेव्हापासून शेंगा बंद. पण तेवढ्यावर थांबलं नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनीने कुठल्याशा शिबिरात तिच्या रक्ताची 180 पदार्थांची चाचणी करून घेतली. त्यात 43 पदार्थ लाल रंगात आले. दूध, दही, गहू, वांगं, तीळ, हरभरा डाळ, टोमॅटो, केळं. वहिनीने ती यादी लॅमिनेट करून दिली आहे, माझ्या फ्रिजवर लावलीय. आता तर यादीत नसलेलंही ती खात नाही. सकाळी एक कडक भाकरी घेते, बोटाच्या पेराएवढे तुकडे करते, ताटाच्या कडेने मांडते आणि मोजते. सोळा होतात. त्यातले अकरा खाते. सोमवार, गुरुवार, चतुर्थीला उपवास. ऑगस्टपासून पाळी नाही. रात्री मोबाईलवर केक आणि बिर्याणीचे व्हिडिओ बघत बसते. माझ्या बायकांना आग्रह करकरून वाढते, स्वतः घास घेत नाही. अंगात सदैव भावाचा ढगळ शर्ट.

एक चूक कबूल करते. गेल्या महिन्यात दहा दिवस मी तिच्या भाकरीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं. दशमीच की ती, पण तिला भाकरी म्हणून दिली. तिला काही झालं नाही. उलट म्हणाली, "आत्या, आजची भाकरी गोड लागते," आणि सगळी खाल्ली. आता हे तिला सांगू का? दादा म्हणतो, नाटकं आहेत सगळी. वहिनी म्हणते, पोरगी शहाणी आहे, बाहेरचं काही खात नाही. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे रानात जेवायला जाणार आहेत, तिला न्यावं का? आणि मी चटणीच केली नसती तर, असं सारखं वाटतं. कुटणं मागच्या खोलीत नेलंय, तरी माझ्या घरातल्या शेंगांमुळे हे वाढलं का? धंदा बंद करू का?

– एक आत्या

आत्याबाई, नमस्कार.

सही 'एक आत्या' अशी केलीत म्हणून मीही तसंच म्हणते. पत्रात तिच्या वजनाचे आकडे होते, जूनचा आणि आत्ताचा. ते मी गाळलेत. हे सदर तिच्या वयाच्या मुलीही वाचतात, आणि या दुखण्यात दुसरीच्या आकड्याशी स्पर्धा लागते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते आकडे वाचून मी खुर्चीत सरळ बसले, एवढं सांगते.

त्यामुळे ॲलर्जी की नाटक हा वाद आज बाजूला ठेवा. याच आठवड्यात तिला एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे न्या आणि सरळ सांगा की खाणं फार कमी झालंय, वजन उतरलंय, पाळी चार महिने नाही. नाडी आणि रक्तदाब आधी झोपवून, मग उभं करून बघायला सांगा. ईसीजी, रक्तातली साखर, पोटॅशियम, फॉस्फरस हेही. जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चक्कर येऊन पडली असेल किंवा पाणीसुद्धा टाळायला लागली असेल, तर आठवडा नाही, त्याच दिवशी रुग्णालय. आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर फार दिवस तोल सांभाळून धरतं आणि मग एकदम हात सोडतं.

तोवर घाबरून तूप-साखर, लाडू, वाटीवर वाटी असं भरवायला जाऊ नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातला फॉस्फरस झपाट्याने खाली येतो आणि हृदयावर बेततं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कैदी पोटभर जेवले आणि दगावले, ते यामुळेच. खाणं वाढवायचंच आहे, पण डॉक्टर सांगतील त्या बेताने.

दादांना आणि वहिनींना फोनवर नाही, समोर बसवून सांगा. ती सतरा वर्षांची आहे, निर्णय त्यांनाच घ्यायचेत. तुम्ही एकट्याने हे ओझं वाहू नका.

आता 'नाटकं' या शब्दाचं बघू. दहा वर्षांच्या मुलीने दहा मिनिटांत स्वतःचा गळा बंद होताना अनुभवलाय. अन्नाने माणूस मरू शकतो, ही आपल्याला नुसती ऐकीव गोष्ट. तिच्या अंगावरून ती गेलीय. त्या दिवशी तिच्या शरीरात आयजीई नावाच्या प्रतिपिंडांनी शेंगेतल्या प्रथिनाला शत्रू ठरवलं आणि हिस्टामाइनसारखी रसायनं एकदम सुटली. त्यानेच गांधी, सूज, श्वासातली शिट्टी. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि याच्यावर पहिलं औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी तोंडात टाकून 'बघू थोडा वेळ' म्हणणं जिवावर बेततं. असा प्रसंग पुन्हा आला तर कोणी काय करायचं, इंजेक्शन जवळ ठेवायचं का, किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर लावा. तिथली ती लॅमिनेट केलेली यादी काढून त्याच जागी लावा. यादी फाडू नका, डॉक्टरांना दाखवायचीय.

त्या यादीचा मला राग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बघा, 'आयजीजी' असं लिहिलेलं असेल. शेकडो पदार्थांच्या, लाल-पिवळ्या-हिरव्या रकान्यांच्या या चाचण्या बहुतेक आयजीजीच्याच असतात. आणि आयजीजी म्हणजे ॲलर्जी नव्हे. आपण जे नेहमी खातो त्याची शरीराने ठेवलेली ती नोंद असते. जे जास्त खाता ते लाल येतं! रोज दूध पिणाऱ्या पोरीचं दूध लाल आलं, यात नवल काय? युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने 2012 मध्ये स्पष्ट सांगितलं की अन्नाची ॲलर्जी ठरवायला ही चाचणी वापरू नका. तरीही शिबिरं भरतात, पावत्या फाटतात.

समजा त्या रिपोर्टवर आयजीई लिहिलेलं असलं, तरीही लाल म्हणजे ॲलर्जी असं नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातच प्रौढांची पाहणी झाली होती, 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडलेले लोक होते 26.5 टक्के. पण खाल्ल्यावर त्रास होतो आणि तपासणीही जुळते, असे निघाले फक्त 1.2 टक्के. मधल्या सगळ्यांना कागद दाखवून 'हे बंद, ते बंद' सांगितलं असतं, तर एवढी माणसं उगाच ताटावरून उठली असती. खरा निकाल लागतो तो पदार्थ डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडा थोडा वाढवत खाऊन बघण्याने. तो प्रयोग आपत्कालीन सोय असलेल्या रुग्णालयातच करायचा. घरी नाही.

मीही यात धुतल्या तांदळासारखी नाही. आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा अंगावर पित्त उठतं म्हणून आलेल्या एका मुलीला मी बावीस पदार्थांची 'वर्ज्य' यादी मोठ्या विश्वासाने लिहून दिली होती. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा गालफडं बसलेली, आणि पित्त उठतच होतं. तिची आई म्हणाली, "तुम्ही लिवून दिल्यापासून पोरगी एक घास इकडचा तिकडं करत नाही बघा." ती मला शाबासकी देत होती. तेव्हापासून कुणाला काही बंद करायला सांगण्याआधी हात आखडतो.

कारण यादी एकदा हातात आली की ती वाढतच जाते, आणि तुम्ही विचारलेला ॲलर्जीचा आणि या न खाण्याचा संबंध इथेच आहे. ॲलर्जी असलेल्या मुलाला आपण काय काय शिकवतो बघा. घासाघासावर संशय घे. पाकिटावरचं बारीक अक्षर वाच. दुसऱ्याच्या हातचं खाऊ नको. आग्रहाला बळी पडू नको. पंगतीत मागे सर. हे सगळं शेंगांपुरतं अगदी बरोबर आहे, प्राण वाचवणारं आहे. पण हीच शिस्त चौदा-पंधराव्या वर्षी, अंगाचा आकार बदलत असताना, अभ्यासाचा ताण असताना, सगळ्या अन्नाला लागू झाली तर? अ‍ॅनोरेक्झिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार, झालेल्या मुली जे मोठ्या कष्टाने शिकतात, ते तिला आपण आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

शिवाय आपल्या घरांत 'नको' हा शब्द चालत नाही. "एवढं तरी घे", "माझी शपथ", "अन्नाला नाही म्हणू नये". पण 'मला ॲलर्जी आहे' म्हटलं की सगळे गप्प. वाढणारी मागे सरते, वर कौतुकही होतं. तिला मिळालेला हा एकमेव नकार आहे जो कुणी मोडत नाही. ती तो मुद्दाम वापरते असं मी म्हणत नाही. बुडणाऱ्याला जे हाताला लागतं ते तो धरतो.

उपवासाचंही तेच, आणि तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. आपले उपवास चालतात कशावर? साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, शेंगा-गुळाचे लाडू. उपवासाच्या ताटातून शेंगा काढल्या तर उरतं काय? म्हणजे तिच्यासाठी सोमवार आणि गुरुवार हे जवळजवळ निरंकार दिवस, आणि घरात त्याला भक्ती म्हणतात. अक्कलकोटच्या वाटेवरच्या या गावात गुरुवार धरलेल्या मुलीला कोण नको म्हणेल? तुम्ही म्हणा. आजारी माणसाला आणि वाढत्या वयाच्या मुलीला उपवासातून सूट असते, हे कुठलीही आजी सांगेल. देवाचं मी बघून घेते, म्हणावं.

नावांबद्दल थोडक्यात सांगते. घशात अडकेल, उलटी होईल, रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने खाणं आकसत जातं, वजन उतरतं, पण बारीक व्हायची इच्छा नसते, अशा आजाराला आर्फिड म्हणतात. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून आहे. जिथे जाड होण्याची भीती आणि शरीराबद्दलची नाराजी मुळाशी असते, तो अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा. तुमच्या भाचीत मला दोन्हीच्या खुणा दिसतात. हुरड्याची भीती पहिल्याकडे बोट दाखवते. ढगळ शर्ट, मोजलेले तुकडे, वाढत गेलेले उपवास दुसऱ्याकडे. एकातून दुसऱ्यात घसरणंही होतं. हे ठरवायचं काम मानसोपचारतज्ज्ञांचं, तुमचं नाही आणि पत्र वाचून माझंही नाही. तुम्ही फक्त एक करा. ती काय म्हणते ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा. 'खाल्लं तर काहीतरी होईल' आणि 'खाल्लं तर कशी दिसेन', या दोन वाक्यांतल्या फरकाचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

केक-बिर्याणीचे व्हिडिओ आणि बायकांना आग्रहाने वाढणं याला मात्र कुणी ढोंग म्हणू देऊ नका. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं वर आणायचं, हे शोधायला. ही धडधाकट मुलं, कुणाला कसली ॲलर्जी नाही, बारीक व्हायचं वेड नाही. पण काही महिन्यांत ती पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली, जेवण तास-दोन तास लांबवायला लागली, ताटात चमत्कारिक मिश्रणं करायला लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. उपाशी मेंदू अन्नाशिवाय दुसरं काही बघूच शकत नाही. तिच्या ताटाच्या कडेने मांडलेले ते सोळा तुकडे मला त्या प्रयोगशाळेतलेच वाटले. म्हणून आधी पोट, मग समजावणं. भुकेल्या मेंदूला कितीही शहाणपण शिकवलं तरी ते शिरत नाही, आणि नीटचं तर नाहीच नाही. हे दादांना जरूर सांगा, बाकी काही पटलं नाही तरी मार्कांचं पटेल.

आता दशमी.

तुमचं पत्र मी इथे दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हसू आलं, 'आत्या, आजची भाकरी गोड लागते' वाचून. मग घाबरले. दूध खरंच तिला चालत नसतं तर? दुधाचीही अ‍ॅनाफिलॅक्सिस होते. पुन्हा असं करू नका, थेंबभरसुद्धा नाही. आणि शेंगांच्या बाबतीत तर स्वप्नातही नाही. 'थोडंसं कूट घालून बघू, सवय होईल' असं सांगणारं एखादं माणूस प्रत्येक घरात असतं, त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

पण जे झालं त्यातून कळलेली गोष्ट वाया घालवायची नाही. आयजीईची ॲलर्जी बहुतेक काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. दहा दिवस दूध पोटात गेलं आणि काही झालं नाही, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. यादी किती पोकळ आहे याचा तो धागा आहे.

तिला सांगायचं का? हो. आज नाही, पण सांगायचंच. कारण अशा गोष्टी कधीतरी बाहेर पडतात, तुमच्या चार बायकांपैकी एकीच्या तोंडून पडतील, आणि त्या घरात ती ज्या एका हातचं खाते तो तुमचा हात आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक सोबत असताना सांगा आणि माफी मागा. "बघ, काही झालं का तुला?" असा पुरावा तिच्या तोंडावर फेकू नका. ती हरली असं तिला वाटलं तर भाकरीही सुटेल. एवढंच म्हणा: मी तुला न विचारता केलं, चुकले, पुन्हा तुझ्या ताटात काय आहे ते तुला सांगितल्याशिवाय वाढणार नाही. मग ती ओरडेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. ते सोसा. आणि ती सगळी भाकरी खाल्ली तेव्हा तुम्हाला झालेला आनंद, तो तिला सांगू नका. मला सांगितलात ते बरं केलंत.

उपचाराचं. तिला ॲलर्जीतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघेही लागतील आणि त्या दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. नाहीतर एक म्हणेल 'टाळा', दुसरा म्हणेल 'खा', आणि पोरगी दोघांच्या मधून निसटेल. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येईल. ॲलर्जीच्या चाचण्यांसाठी कदाचित पुण्याला जावं लागेल. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं. अ‍ॅनोरेक्झिया ठरला तर या वयात घरच्यांना हाताशी धरून केलेले उपचार चांगले लागू पडतात: काही काळ काय आणि किती खायचं हे मोठी माणसं ठरवतात, शेजारी बसून शांतपणे खाऊ घालतात, आणि तब्येत सुधारली की निर्णय हळूहळू तिच्या हाती परत देतात. म्हणजे तिने आई-वडिलांजवळ असण्याचा विचार करावा लागेल. वर्ष गेलं तर जाऊ द्या. बारावी पुन्हा देता येते.

ताटाशी बसल्यावर तुकडे मोजू देत. तुम्ही मोजू नका. "बारीक झालीस", "जरा भरलीस, छान दिसतेस", दोन्ही बंद. वहिनींचं 'शहाणी आहे' तर आधी बंद. तिच्याशी क्लासचं बोला, गड्ड्याच्या यात्रेचं बोला, शेजारणीच्या भांडणाचं बोला.

येळवस. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही आणि तिला स्वतःला यायचं असेल तर न्या. सात वर्षं ती रानातल्या पंगतीला घाबरतेय. भज्जीत ओले शेंगदाणे असतात, त्यामुळे भज्जीला तिने हात लावायचा नाही. तिचा डबा वेगळा, तो वेगळ्या पिशवीत आणि डाव वेगळा. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा की कुणी आग्रह करणार नाही, कुणी 'अगं चाखून तर बघ' म्हणणार नाही. इंजेक्शन आणि तो कागद तुमच्या पर्समध्ये, गाडी पाठीमागे नाही, रस्त्याकडे तोंड करून उभी. एवढी तयारी तिच्या देखत करा. ती शेताच्या बांधावर बसून नुसतं आंबील पिणाऱ्यांकडे बघत राहिली, तरी खूप झालं.

राहिला तुमचा धंदा. 'मी चटणीच केली नसती तर' हे तुमचं जर-तर वाचून मला आपली म्हणच आठवली, आत्याबाईला मिशा असत्या तर. बंद करू नका. शेंगा भाजल्याचा वास घरभर सुटतो म्हणून तिला रिअ‍ॅक्शन येईल, ही भीतीही काढून टाका. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शेंगांची तीव्र ॲलर्जी असलेल्या 30 मुलांच्या नाकापासून फूटभर अंतरावर दहा मिनिटं पीनट बटर धरलं होतं. एकालाही श्वासाचा किंवा अंगभर त्रास झाला नाही. ॲलर्जी प्रथिनाने होते आणि नुसत्या वासात ते नसतं. कुटताना किंवा मिक्सर उघडताना जी पूड उडते तिच्यात मात्र असतं, तेव्हा कुटणं मागच्या खोलीत नेलंत ते योग्यच. तिच्यासाठी तवा, परात, पोळपाट, मिक्सरचं भांडं वेगळं आणि खुणेचं ठेवा. चटणीचे हात साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने शेंगेचा अंश जात नाही. घाण्याचं शेंगतेल तिच्या स्वयंपाकात नको, त्यात प्रथिन राहतं. आपल्याकडे करडईला काय तोटा आहे? बाहेरच्या पाकिटांवर 2020 च्या नियमांप्रमाणे शेंगदाणा असल्यास तसं छापणं बंधनकारक आहे, ते वाचण्याची तिची सवय मोडू नका. ती सवय शेंगांपुरतीच ठेवायला डॉक्टर मदत करतील.

आणि तिला विचारून, तिच्यासमोर, वेगळ्या परातीत पाण्यात मळलेली एक मऊ भाकरी करून द्या. गोड लागत नाही म्हणाली तर गप्प बसा. डॉक्टरांनी दुधाचं नक्की सांगितलं की मग बघू.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मला दोन ओळी लिहा. छापणार नाही.